भादव्यातली माघी

आंबेपाड्यात कुणाचं रेशनकार्ड हरवलं, कुणाला लसीची चिठ्ठी सापडेना झाली, की बाया कोंडीला चिडवायच्या, "तुझे कचेरीत बघ गं, आमचाही कागद तितंच असन." कोंडी झुगरेला एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण कागद जपावा तर तिनंच. चार महिने पाऊस ओततो, भिंतींना बुरशी चढते, उरलंसुरलं वाळवी खाते, अशा मुलखात तिच्या लग्नाच्या वर्षापासूनचा एकूण एक कागद शाबूत होता. नागलीच्या कणगीमागं पत्र्याचा डबा, डब्यात खताच्या गोणीतलं जाड प्लॅस्टिक, त्यात घडी घातलेले कागद आणि वर कडुनिंबाचा पाला. दर अमावस्येला ती डबा उघडायची, पाला बदलायची, कागद हाताळून पुन्हा ठेवायची. कुठला कागद कशाचा हे तिला घडीवरून, रंगावरून, शिक्क्यावरून ओळखता यायचं. ग्रामसेवकसुद्धा एकदा म्हणाला होता, "कोंडीबाई, तुम्ही शिकला असतात तर आमच्या नोकऱ्या गेल्या असत्या." ते वाक्य तिनं वर्षभर पाड्यात सगळ्यांना ऐकवलं.

आणि याच बाईच्या हातून, याच डब्यातल्या कागदानं, तिच्या पोरीच्या पायावर धोंडा पडला. शत्रूनंही तो इतका नेमका टाकला नसता.

पोरीचं नाव माघी. नवऱ्याचं नाव जिवा. पण ते कोंडी कधी घ्यायची नाही, "माघीचा बा" म्हणायची. खोडाळ्याच्या बाजारापासून दोन तास चालत गेलं की आंबेपाडा. खाली मुंबईच्या पाण्यासाठी बांधलेल्या धरणाचा फुगवटा. धरण झालं तेव्हा पाड्याची खालची भातखाचरं पाण्यात गेली आणि भात लावणारा जिवा मासे धरायला शिकला. त्यानं एक होडी केली. नवव्या वर्षी माघी त्या होडीची वल्ही मारत होती. बापापेक्षा तिचे हात लांब. आश्रमशाळेत आठवीत असताना तालुक्याच्या खेळांना सर्वेश सर नावाचे एक प्रशिक्षक नाशिकहून आले, त्यांनी भिंतीशी उभं करून पोरापोरींचे पसरलेले हात फुटपट्टीनं मोजले आणि माघीपाशी येऊन दोनदा मोजले. पुढच्या जूनमध्ये माघी नाशिकला क्रीडा वसतिगृहात गेली.

कोंडीला हा होड्या वल्हवायचा खेळ कधी धड कळला नाही. एकदा सरांनी मोबाइलवर दाखवला. काकडीच्या फाकेसारखी लांब, अरुंद होडी, आणि पोरी जायच्या दिशेला पाठ करून बसलेल्या. "जायचं कुठं ते बघायचं पण नाय?" तिनं विचारलं. सर हसले. माघी सुट्टीत आली की कोंडी तिचे तळहात बघायची. घट्ट्यांवर घट्टे. आवणीच्या, भातलावणीच्या दिवसांत कोंडीचेही तसे होत. "शिकायला गेलीस का मजुरीला?" ती म्हणायची आणि रात्री त्या हातांना मोहाचं तेल चोळायची.

मग दोन हजार पंचवीसच्या दिवाळीनंतर सर स्वतः पाड्यावर आले. मोटारसायकल खोडाळ्यात ठेवून पायी. भाताची झोडणी चालली होती, कोंडीच्या केसांत तूस भरलेलं. माघीनं देशाच्या स्पर्धेत रुपेरी पदक मिळवलं होतं. आता जानेवारीत पोर्तुगाल नावाच्या देशात वल्हवणाऱ्या तरुण पोरापोरींचं मोठं हिवाळी शिबिर होतं. आठ देशांची मुलं. चार आठवडे एका लांबलचक नदीवर, जगातल्या नावाजलेल्या प्रशिक्षकांच्या हाताखाली. भारतातून चार मुली जाणार होत्या, त्यांत माघी. तिथून निवडलेल्यांना पुढं परदेशात राहून शिकायची सोय होती. सरांनी मोबाइलवर ती नदी दाखवली. सकाळचं धुकं, धुक्यात त्या बारीक होड्या, काठावर लोकरीच्या टोप्या घातलेली गोरी, काळी, पिवळी पोरं वाफाळते पेले धरून उभी. जिवानं तो व्हिडिओ पाचदा बघितला.

"मावशी, एकच कागद राहिलाय," सर म्हणाले. "शाळेचा दाखला दिलाय, पण खेळाच्या संघटनेला जन्मदाखलाच लागतो. एक जानेवारी दोन हजार आठनंतर जन्मलेल्यांचंच शिबिर आहे. उद्या शेवटची तारीख. तुमच्याकडे जन्मदाखला नसेल तर पंचायत..."

कोंडीनं त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. "नसंल कसा? हाय ना!"

ती उठली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर तोरा होता. पाड्यातल्या पस्तीस घरांत एकाकडंही लेकराचा जन्मदाखला नव्हता. आश्रमशाळेत निम्म्या वर्गाचा वाढदिवस एक जूनला, कारण गुरुजींनी पोराच्या उंचीकडं बघून साल घातलेलं आणि तारीख सोयीची. माघीला शाळेत घालायला जिवा गेला होता, हात हलवत, डब्याकडं न फिरकता, म्हणून तिचीही एक जून दोन हजार आठ. पण कोंडीकडं खरा दाखला होता. जव्हारच्या दवाखान्यातल्या जन्माचा, निळ्या गोल शिक्क्याचा. तिनं तो दोन्ही हातांनी सरांपुढं धरला. आडवं ऊन झोडणीच्या धुरळ्यातून येत होतं, दाखल्यावरची हातानं लिहिलेली शाई विटलेली. सरांनी नाव बघितलं: माघी जिवा झुगरे. शिक्का बघितला. फोटो काढला आणि अंधार पडायच्या आत खोडाळा गाठायला निघाले. तिथं रेंज मिळाल्यावर फोटो गेला. तारीख त्यांनी वाचली नाही. पुढं महिनाभर हा माणूस स्वतःच्या मुस्काटात मारून घेत होता, पण बाण सुटला होता.

आठव्या दिवशी सर परत आले, या वेळी माघीला घेऊन. माघीचा चेहरा उतरलेला. संघटनेचं उत्तर आलं होतं. शाळेच्या दाखल्यावर दोन हजार आठ, जन्मदाखल्यावर फेब्रुवारी दोन हजार सात. मुलगी वयात बसत नाही, आणि दोन कागदांत दोन वयं म्हणजे वय चोरल्याचा संशय. पंधरा डिसेंबरपर्यंत खरा जन्मदाखला आणून खुलासा करा, नाहीतर नाव रद्द.

सर ओट्यावर बसले. पाण्याचा तांब्या तसाच समोर. "मावशी, नीट आठवून सांगा. माघी कुठल्या महिन्यात जन्मली?"

कोंडीनं त्यांच्याकडं असं बघितलं, जणू त्यांनी विचारलंय सूर्य कुठं उगवतो.

"कंचे येळेला?" ती म्हणाली. "पयले येळेला माघात. दुसरे येळेला भादव्यात."

जिवानं खाली मान घातली. माघी आईकडं बघत राहिली.

कोंडीनं ते सांगितलं, सरळ, काही लपवण्यासारखं नाही अशा आवाजात. पहिल्या वेळी ती माघात आली. बाळंतपण अडलं म्हणून डोली करून जव्हारला नेलं, तिथं जन्मली, तिथलाच हा दाखला. दीड वर्षाची झाली. श्रावणात तिला जुलाब लागले, नदीला पूर, तीन दिवस पाणी उतरलं नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली. कोंडीला तेव्हा आठवा महिना होता. आणि भादव्यात, सव्वा महिना व्हायच्या आत, ती परत आली. घरातच, चंपा सुईणीच्या हातावर. कानामागं तोच काळा डाग. भगत तुका आला, त्यानं दिव्याच्या उजेडात कान बघितला आणि म्हणाला, तुझीच हाय, वाट चुकलेली, मागं फिरली. तेच नाव ठेव. तिचं दिवस घालू नको, तिच्यासाठी रडू नको. आन ती मेली असं तोंडातून काढू नको. काढशील तं ही पण जाईल.

म्हणून दुसरा दाखला काढायचा प्रश्नच आला नाही. एकाच पोरीचे दोन दाखले कशाला काढायचे? कोंडीच्या हिशेबात काही चुकलं नव्हतं. सतरा वर्षं ती त्या एका वाक्याला घाबरून जगली होती. पाड्यात कुणी पहिल्या पोरीचा विषय काढला तर ती उठून जायची. जिवाला तिनं देवाची शपथ घातली होती. माघीला ताप भरला की ती स्वतःचं बोलणं आठवत बसायची, चुकून कुठं ते अक्षर निसटलं तर नाही ना.

"मंग मी कोण?" माघीनं विचारलं.

"तू माघी."

"ती कोण व्हती?"

"ती पण तूच."

माघी उठली. ती घरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

सरांना मात्र वाट दिसली. त्यांनी कोंडीला डबा आणायला लावला आणि एकेक घडी उलगडत बसले. तळाशी अंगणवाडीचं पिवळं कार्ड सापडलं, पोराच्या वजनाचं. अंगणवाडीच्या प्रमिलाताईंनी कोंडीच्या हट्टाखातर दोन्ही माघींची वजनं एकाच कार्डावर, एकाच ओळीत लिहिली होती. दोन हजार आठच्या जुलैत सात किलो दोनशे. ऑगस्टचा रकाना कोरा. सप्टेंबरात दोन किलो चारशे. सर कार्ड हातात घेऊन उभेच राहिले. "मावशी, जगातलं कुठलंच लेकरू सात किलोवरून दोन किलोवर येत नाही. हा पुरावा आहे! दोन मुली होत्या हे यावर लिहिलंय." तालुक्याच्या कचेरीत जायचं, पहिलीच्या मृत्यूची नोंद करायची, दुसरीच्या जन्माची. पण त्यासाठी आईनं साहेबासमोर प्रतिज्ञेवर सांगायला हवं होतं, की माझी पहिली मुलगी मेली.

"नाय," कोंडी म्हणाली.

तिला चार दिवस सगळ्यांनी समजावलं. सरांनी विज्ञान सांगितलं. जिवानं शपथ मोडून हात जोडले. शेजारची कविता म्हणाली, शिकलेली पोर तुझी, तिच्या नशिबावर का बसतेस? कोंडी नागली पाखडत राहिली. लोकांना वाटलं, अडाणी बाई, अंधश्रद्धा. बोलणारांचं काय जातं! एक पोर मातीत घातलेल्या बाईला दुसरी पणाला लावायला सांगा आणि मग बघा ती किती शहाणी राहते.

चौथ्या दिवशी माघीनं पहिल्यांदा तोंड उघडलं. शिबिराला काय काय आणायचं त्याची यादी सरांनी दिलेली, ती तिच्या हातात होती. लोकरीचे मोजे दोन जोड, आतून घालायचे गरम कपडे, पाण्याची बाटली. खोडाळ्याच्या बाजारातून जिवानं तिच्यासाठी लाल टोपी आणून ठेवली होती.

"आय, मी तीन वर्सा पहाटे चारला उठलीय," माघी म्हणाली. "हातांची सालं गेली तरी वल्हा सोडला नाय. मला तिता जायाचं हाय. एकदा बोल ना. मला काय नाय व्हत."

कोंडीनं सूप खाली ठेवलं आणि ती पोशेऱ्याच्या वाटेला लागली. तिथं लेकीकडं म्हातारा तुका भगत राहायला गेला होता. सतरा वर्षं ज्याच्या शब्दावर ती चालली, त्याच्याकडून सुटका मागायला निघालेली. काही उतारा असेल, कोंबडं असेल, नारळ असेल, त्यानं सांगावं आणि तिनं करावं. दुपारी पोचली. तुका उन्हात घोंगडीवर बसला होता, डोळ्यांत मोतीबिंदू, कान गेलेले. तिनं ओरडून ओरडून सगळं सांगितलं. कोण, कुठली, कुठल्या भादव्यात, काय बोललास.

तुका बराच वेळ तोंड हलवत राहिला. "मी बोललू असा?" तो म्हणाला. "बोललू असन. लोका रडत असायची, कायतरी बोलाय लागायचं."

कोंडी तिथंच खाली बसली. तिला त्याचा रागसुद्धा आला नाही. परतीच्या वाटेवर तिला वाटत होतं, रस्ता पायाखालून काढून घेतलाय. खोटं असेल तर ती पोर त्या श्रावणात गेली ती गेलीच, आणि तिच्यासाठी कुणी एक अश्रू ढाळला नाही, आईनंसुद्धा नाही. खरं असेल तर उद्या ती स्वतःच्या तोंडानं दुसरीला घालवणार. दोन्हीकडून मरण तिचंच. घरी आली आणि जिवाला एवढंच म्हणाली, "उद्या जाऊ."

कचेरीतले साहेब वाईट नव्हते. हीच तर सगळी पंचाईत. वाईट असते तर दोष द्यायला कुणीतरी मिळालं असतं. त्यांनी कोंडीला खुर्ची दिली, पाणी मागवलं, कार्ड भिंग लावून बघितलं. मग म्हणाले, "बाई, तुमच्या तोंडून सांगा."

कोंडीनं माघीकडं बघितलं. माघी दाराशी उभी होती, उंच, सरळ, जिवंत.

"माझी पयली माघी मेली," कोंडी म्हणाली.

कारकुनानं ते लिहून घेतलं. त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. कोंडी मात्र पुढचं अर्धं मिनिट माघीच्या छातीकडं बघत होती, ती वरखाली होते का ते.

"कुठं पुरलं?" साहेबांनी विचारलं.

"आमचे खालचे खाचरात, जांभळीचे अंगाला, बांधावर."

"जागा दाखवाल? पंच घेऊन माणूस पाठवतो."

मग जिवा पहिल्यांदा बोलला. "साहेब, आता तितं धरणाचं पाणी हाय."

कारकुनाची लेखणी थांबली. माघीनं बापाकडं बघितलं आणि मग आईकडं. लहानपणापासून त्या पाण्यावर होडी घातली की आई काठावरून ओरडायची, जांभळीच्या अंगाला जाऊ नको, तिता भोवरा हाय. तिथं भोवरा कधीच नव्हता. माघी असंख्य वेळा तिथून गेली होती, जोरजोरात वल्ही मारत, आईला खिजवायला.

साहेबांनी कार्ड ग्राह्य धरलं. सात किलो दोनशे आणि दोन किलो चारशे, मधे कोरा रकाना, शेजाऱ्यांचे जबाब. मृत्यूच्या नोंदीचा आदेश निघू शकत होता. पण जन्माचं तसं नव्हतं. सतरा वर्षं उशिराची जन्मनोंद, तीही खेळातल्या वयासाठी. जाहीर नोटीस लावायची, तीस दिवस हरकतींची वाट बघायची, मग चौकशी, मग आदेश. सुईण हयात नाही, दवाखाना नाही, त्यामुळं यात एक दिवसही कमी करता येणार नव्हता.

"साहेब, पंधरा तारीख शेवटची आहे. आज आठ," सर म्हणाले. 

"मला कळतंय," साहेब म्हणाले. त्यांनी संघटनेच्या नावानं स्वतःच्या सहीचं पत्रसुद्धा दिलं, की प्रकरण चालू आहे. यापेक्षा जास्त ते काही करू शकत नव्हते, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. मेलेलीला मेली म्हणायला एक जबाब पुरला. जिवंत पोरीला जन्मलेली म्हणायला महिनाही पुरणार नव्हता.

सर नाशिकहून दिवसभर फोन करत राहिले. दिल्लीला जाऊन आले. पत्र बघितलं गेलं. उत्तर आलं की सहानुभूती आहे, पण यादीत जन्मदाखला लागतो, चालू प्रकरण नाही. पंधरा तारीख उलटली. माघीच्या जागी राखीव यादीतली किमया नावाची मुलगी गेली. वय चोरल्याच्या संशयाची चौकशी संपेपर्यंत माघीला कुठल्याच स्पर्धेत उतरता येणार नव्हतं, आणि स्पर्धा नाही तर वसतिगृहातली खाटही अडवून ठेवता येत नव्हती. सर म्हणाले, थोडे दिवस घरी थांब, मी काहीतरी करतो. ते काहीतरी करतीलही. पण सतरावं वर्ष कुणासाठी थांबत नाही, आणि पुढच्या जानेवारीत ती खऱ्या दाखल्यानंसुद्धा त्या शिबिराच्या वयात बसणार नव्हती. हे माघीनं स्वतः बोटांवर मोजून आईला सांगितलं, शांतपणे, जसं कुणी पिकाचं सांगावं.

जानेवारी आला. पाड्यावर कडाक्याची थंडी पडली. किमया चांगली पोर; ती तिकडून रोज माघीला व्हिडिओ पाठवायची, हिला बरं वाटेल म्हणून. माघी टेकाडावर रेंज येते तिथं जाऊन बसायची आणि एकेक व्हिडिओ बघायची. धुकं, नदी, आठ देशांची पोरं. एका होडीत किमया आणि मागं कुठल्यातरी दूरच्या देशाची लाल केसांची मुलगी. बघता बघता माघीचे गुडघे आपोआप वर यायचे आणि हात छातीशी ओढले जायचे. कोंडी खालून हे बघायची. तिच्या मनात यायचं, या पोरीला निदान रडता तरी यावं. माघी रडत नव्हती. आईशी भांडतही नव्हती. सांगितलेलं काम करायची, पुढ्यातलं खायची आणि पुन्हा टेकाडावर जायची. कोंडीनं तिच्या हातांना तेल लावायला घेतलं, तर म्हणाली, राहू दे, आता घट्टे जातीलच.

संक्रांतीनंतर ग्रामसेवक कागद घेऊन आला. जिवा मासे विकायला गेलेला. कोंडीनं हात पुसून पाकीट घेतलं. नवा कोरा, कडक कागद, गोल शिक्का. तिला वाटलं, आला. उशिरा का होईना, भादव्याचा दाखला आला. तिनं टेकाडाखाली जाऊन हाक मारली आणि माघी उतरली.

"वाच," कोंडी म्हणाली.

माघीनं वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. "मृत्यू प्रमाणपत्र. मयताचे नाव, माघी जिवा झुगरे. लिंग, स्त्री. आईचे नाव, कोंडी."

"आन दुसरा? तुजा?"

"एकच हाय."

कोंडीनं पाकीट उलटं करून झटकलं. आत काही नव्हतं. तिनं कागद माघीच्या हातातून घेतला, घडी घालायला गेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला कळेना की या कागदाचं काय करायचं. हा डब्यात ठेवायचा नव्हता. जाळायचाही नव्हता. सतरा वर्षांपूर्वीचं रडायचं अजून राहिलं होतं. पोर तर समोर उभी होती, मग रडायचं कुणासाठी?

"आय," माघी म्हणाली, "मी पाच वर्सांची व्हती तवा ताप आला तं तू मला उराशी धरून बोलायचीस, आता नको जाऊ, एकदा गेलीस तेवढा पुरे. मला वाटायचं मी कुठं गेली व्हती? तू ते मला बोलत नव्हतीस. तिला बोलत व्हतीस."

"तुलाच बोलत व्हती."

"माजा काय व्हता मंग? नाव तिचा. दाखला तिचा. कानामागला डाग पण तिचा. मी आली तवा तू मला बघितलास तरी का?"

कोंडीला सांगायचं होतं. की त्या भादव्यात तू जन्मलीस तेव्हा मी मेलेली होते आणि तुला बघून उठले. की तू ती नव्हतीस हे माझ्या आतड्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तुझी दूध ओढायची तऱ्हाच वेगळी होती, तू हावरी होतीस, ती नव्हती. आणि ते ठाऊक असूनही मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं, कारण सोडलं असतं तर दोघींना एकदम सांभाळायचं बळ माझ्यात नव्हतं. पण एवढं सगळं बोलायची सवय कोंडीला कधी नव्हती. तिला "तुला बघितला" एवढंच म्हणता आलं, आणि तेही इतक्या हळू की वाऱ्यात गेलं.

माघी वळली आणि पाण्याच्या वाटेनं खाली चालू लागली. लांब ढांगा टाकत, मान खाली.

"माघे!" कोंडीनं हाक मारली.

ती थांबली नाही.

"ए माघे!"

हाक जांभळीच्या अंगाला, पाण्यावरून पार पलीकडं गेली. माघीनं वळून बघितलं नाही. ऐकू गेलं नाही असं नव्हतं. तिचे खांदे आखडलेले कोंडीला इतक्या लांबूनही दिसले. हातातल्या कागदावर तेच नाव होतं आणि आता ती त्या नावाला ओ देणार नव्हती. कोंडीनं तिसऱ्यांदा तोंड उघडलं. दुसरं काहीतरी म्हणून हाक मारायला हवी होती. तिनं आठवून बघितलं, जन्मापासून आजपर्यंतचं सगळं आठवून बघितलं. सतरा वर्षांत या पोरीला तिनं दुसरं नावच दिलं नव्हतं.